सिंडरची कमाई

सिंड्रेलाची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. अमेरिकन लेखिका मारिसा मेयर यांनी २०१२ मध्ये 'सिंडर' या कादंबरीत ती भविष्यातल्या न्यू बीजिंग शहरात नेली. इथली सिंडर बाजारात यंत्रे दुरुस्त करते. तिचा एक हात आणि एक पाय धातूचा. राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट नव्हे, पायच निसटतो!

नाचाच्या मेजवानीची पाने आम्ही भराभर उलटली. थांबलो ते तिच्या कमाईपाशी. दत्तक घेणारा बाप साथीत वारलेला. कायद्याने सिंडरची सगळी मजुरी सावत्र आई ॲड्रीची. तिच्या कष्टाचा नवा पायही ॲड्री काढून घेते, म्हणून लहानपणीचा तोकडा पाय लावून ती महालात जाते. त्याआधी ॲड्रीने तिला साथीच्या औषधाच्या प्रयोगासाठीही देऊन टाकलेले असते. धाकटी सावत्र बहीण पिओनी मात्र तिच्यावर जीव टाकते, हे लेखिकेने फार छान केले आहे.

सूरह निसामध्ये यतीम वयात आल्यावर त्याचा माल साक्षीदारांसमोर त्याच्या हवाली करण्याचा हुकूम आहे. मरहूम भावाची मुलगी शिवणकाम करून चार पैसे आणते, ते कोणाच्या नावावर जमा होतात, हा सवाल आमच्या घरात मुलींनीच काढला.