फ्रीजरमधला बर्फ, कूलर आणि माझ्या चौदा ट्यूब

गेल्या मे महिन्यात आमच्या नागपूरच्या घरातला फ्रीजर साफ करायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर ४५ अंश, आणि आत बर्फ इतका की ट्रेसुद्धा निघेना. आई म्हणाली, "फ्रीज बिघडलाय." तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल, तर हा प्रश्न माझ्यासोबत सोडवून बघा.

बर्फ येतो कुठून? दार उघडलं की खोलीतली हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ थंड पत्र्यावर थेट गोठते. पण मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते. मग वाफ कुठली? माझं पहिलं उत्तर होतं कूलर. तो दिवसभर घरात दमट हवा फेकत असतो. उत्तर पटलं, म्हणून मी तिथेच थांबणार होतो. तरी दाराचं रबर तपासलं. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावलं आणि ओढली. एका कोपऱ्यात ती अलगद निघून आली. म्हणजे संशयित दोन झाले.

आता बर्फ काढायचा कशाला? या भुसभुशीत थरात हवा अडकलेली असते आणि हवेतून उष्णता फार हळू वाहते. थर गोधडीसारखा काम करतो; कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो.

स्विच बंद केला, खाली जुनी चादर अंथरली, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं. तरी वेळ लागतोच. ० अंशावरचा १ किलो बर्फ नुसता वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी ० वरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. घाई करून सुरीने खरवडू नका. पत्र्यालगतच्या नळ्यांमध्ये वायू असतो, आणि बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील असतो.

आतून पिशव्या निघाल्या: तुरीचे सोले, मटार, कैरीचा गर. कशावरच तारीख नाही. मी आईला हसलो, आणि लगेच गप्प झालो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी लॅबचा फ्रीजर वितळवताना माझ्या चौदा ट्यूबवरची अक्षरं पुसली गेली होती. वहीत नोंद नव्हती. दीड महिन्याचं काम कचऱ्यात गेलं.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर घेतला तर ही कटकट टळेल ना? टळेल, पण त्यातला हीटर अधूनमधून चालू होऊन बर्फ वितळवतो आणि आतलं तापमान वरखाली होतं. एन्झाइमसारख्या नाजूक गोष्टींना ते मानवत नाही. म्हणून लॅबमध्ये हाताने वितळवायचे फ्रीजर ठेवतात, आणि ते काम बहुधा नव्या विद्यार्थ्याकडेच येतं. ते तुमच्याकडे आलं, की स्विचला हात लावण्याआधी यादी करा: कुठल्या खणात काय, कोणाचं, कोणत्या तारखेचं. पर्यायी फ्रीजरमध्ये जागा आधी मिळवा. एखादं सॅम्पल वितळलंच, तर तसं लिहून ठेवा. गुपचूप परत गोठवू नका. आरएनए किंवा अँटिबॉडी अशाने खराब होऊ शकते, आणि पुढचा माणूस महिनाभर चूक शोधत बसतो.

घरी मी नवं रबर बसवलं, कूलर मात्र होता तसाच ठेवला. दोन्ही एकदम बदललं असतं, तर फरक कशामुळे पडला ते कळलं नसतं. आता दर रविवारी थराची जाडी पट्टीने मोजून वहीत लिहितो. त्याच वहीत आई सोल्यांच्या तारखा टाकते.