भाडं म्हणजे पाण्यात पैसे?

डोंबिवली-कल्याणकडे जागेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘भाडं म्हणजे पाण्यात पैसे, तेवढ्याच हप्त्यात घर आपलं होतं.’ काका-मामा सांगतात, बिल्डरच्या साइट ऑफिसात तर हेच ऐकवायला माणूस बसवलेला असतो. हिशेब मात्र कुणी मांडत नाही. समजा, ७० लाखांचा तयार टू बीएचके आहे आणि तसाच फ्लॅट भाड्याने १८ हजारांना मिळतो. या पट्ट्यात वर्षाचं भाडं किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून हा आकडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार इतक्या रकमेला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे ५६ लाख. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता येतो साधारण ४८,६०० रुपये. अठरा हजार कुठे आणि हे कुठे! शिवाय पहिल्या हप्त्यातले ३९,६०० हून अधिक रुपये नुसतं व्याज असतं. मुद्दल फिटतं नऊ हजारांच्या आत. परत न येणारा पैसा म्हणजेच पाण्यात गेलेला पैसा असेल, तर तो घरमालकाचाही जातोच, आणि भाडेकरूच्या दुपटीहून जास्त जातो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण जागेचा भाव वाढतो ना!’ वाढतो, पण किती वाढायला हवा तेही पाहू. पदरचे १४ लाख, सुमारे सात टक्के मुद्रांक शुल्काचे ४.९ लाख आणि नोंदणीचे ३० हजार मिळून १९.२ लाख रोख लागतात. ही रक्कम ठेवीत राहिली असती तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सव्वा लाख मिळाले असते. त्यात पहिल्या वर्षाचं ४.७ लाख व्याज आणि महिना तीन हजारांचा मेंटेनन्स मिळवा, वाचलेलं २.१६ लाख भाडं वजा करा. सव्वाचार लाखांच्या आसपास तूट राहते. ती भरून यायलाच भाव वर्षाला सहा टक्के वाढायला हवा. गेल्या दशकात मुंबई महानगर प्रदेशात अनेक वर्षं भाव जवळपास जागच्या जागी होते, म्हणजे महागाई धरता उतरलेच होते, हे ‘जागेचे भाव कधी पडत नाहीत’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. करसवलतीचा आधार घ्यावा, तर नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावटच नाही. हे खरं, की मुद्दल फिटत जातं तसं व्याज घटतं आणि भाडं मात्र चढत राहतं, त्यामुळे दहा-बारा वर्षं त्याच घरात राहणाऱ्याचं पारडं सावकाश जड होतं. मुलांची शाळा, दर वर्षी घर बदलण्याची कटकट, मालकाची मर्जी, ही घर घ्यायला पुरेशी सबळ कारणं आहेत. तीच सांगावीत, खोटं गणित कशाला?

बाकीचे समज थोडक्यात. अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागत नाही, ही निव्वळ अफवा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. बांधकाम चालू असताना घर स्वस्त पडतं म्हणताना पाच टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना एक टक्का) आणि ताबा मिळेपर्यंत भरायचं भाडं व व्याज हे दोन्ही विसरलं जातं. आणि सगळ्यांत महाग पडणारा समज हा, की रेरा क्रमांक आहे म्हणजे इमारत अधिकृत आहे. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती; नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. फ्लॅट घेणाऱ्यांचे हप्ते तेव्हा चालूच होते. म्हणून रेराच्या संकेतस्थळावरचं बांधकाम परवानगीचं पत्र उतरवून घ्यावं आणि त्यावरचा जावक क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून पाहावा; टोकन द्यायचं ते त्यानंतर.