पाणी कशावर तापवता?

गेल्या हिवाळ्यात अकोटजवळच्या खेड्यातील साठीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. दोन वाक्ये बोलल्या की धाप लागत होती. तपासून मी नेहमीचा प्रश्न केला, "बिडी ओढता का?" बाईंना राग आला. "बिडी तं सोडाच डाक्टरसाहेब, म्या कधी तंबाखूही खाल्ला नाई!" स्वयंपाक गॅसवर होतो, असेही त्या म्हणाल्या. मग मी विचारले, "आंघोळीचे पाणी?" उत्तर आले, "ते सांदवाडीतल्या चुलीवर. पऱ्हाटी पेटवतो ना!"

बाईंना सी.ओ.पी.डी., म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा विकार होता. कित्येक वर्षे मी रुग्णांना बिडीबद्दल विचारले. चुलीबद्दल विचारले नाही. ही चूक माझी.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेडोपाडी पोहोचला. पण सिलिंडर महाग, आणि पऱ्हाट्या, तुराट्या शेतात फुकट. त्यामुळे आपल्या वऱ्हाडात पाणी तापवायची चूल आणि शेकोटी काही विझली नाही.

या धुरात केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके बारीक कण असतात. नाक, घसा त्यांना अडवू शकत नाही; ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. घरातील धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

"चूल तर अंगणात आहे, धूर वर जातो," असे अनेकजण म्हणतात. हिवाळ्याच्या पहाटे तसे होत नाही. जमिनीलगतची थंड हवा जड असते, वरची हवा उबदार. त्यामुळे धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो. एकाच्या चुलीचा धूर शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरतो. भारतातील बाहेरची हवा बिघडवणाऱ्या मोठ्या कारणांत घरगुती चुलीही येतात.

मग करावे काय? जमेल तेव्हा पाणी गॅसवर किंवा सौरबंबावर तापवा. चूल लागणारच असेल तर जळण पावसात व दवात भिजू देऊ नका. ओले जळण जास्त धुरते. भांड्यावर झाकण ठेवा, पाणी लवकर तापते. पेटवण्यासाठी प्लॅस्टिक किंवा टायरचा तुकडा कधीही वापरू नका. तान्हे मूल आणि गरोदर स्त्री चुलीजवळ नको. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. तिच्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच दगावतो.

त्या बाईंची औषधे चालू आहेत. धाप कमी झाली, पण गेलेली फुप्फुसाची ताकद परत येणार नाही. चुलीशी आता त्यांची सून बसते. तिची फुप्फुसे अजून चांगली आहेत. औषधापेक्षा तिला काळजीची गरज आहे, आणि ती आजच घेता येईल.