आधी वीज, मग वायर, शेवटी लिनक्स
जुन्या संगणकाला नवी उमेद : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण पेनड्राइव्ह लावून जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट बसवले. बसवणे तसे तासाभराचे काम. कस लागतो तो त्यानंतर. संगणक मधेच बंद पडतो, प्रिंटर हूं की चूं करत नाही, वायफायची खूण दिसेनाशी होते. मग आजूबाजूचे सगळे एकच निदान सांगतात, 'त्या लिनक्समुळे झालं!' नव्या सुनेच्या पायगुणावर खापर फोडावे तसाच हा प्रकार. जी यंत्रे आपण लिनक्सवर आणतो ती आठ-दहा वर्षे घासलेली असतात, आणि त्यांची दुखणी बहुतेक वेळा आधीचीच असतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. ग्रामपंचायत, शाळा, झेरॉक्सचे दुकान, आपले सरकार सेवा केंद्र अशा ठिकाणची कितीतरी चालू यंत्रे या नियमातून बाहेर पडतात. त्यांना लिनक्स हा चांगला आसरा आहे. पण खरीप पीकविम्याच्या मुदतीत दारात रांग लागलेली असताना यंत्र बसले, तर केंद्रचालक दुसऱ्याच दिवशी लिनक्स पुसून टाकेल. म्हणून आजचा लेखांक दोष शोधण्याच्या क्रमाबद्दल. क्रम चुकला की दोन दिवस ड्रायव्हर शोधण्यात जातात आणि शेवटी पिन ढिली निघते.

बंद पडण्याची वेळ पाहा

परंडा-भूमकडचे गाव असो की उमरगा-लोहाऱ्याकडचे, आपल्याकडे संगणकाला सर्वांत जास्त छळते ती वीज. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. प्रत्यक्षात संध्याकाळी लाईट डीम होते आणि मध्यरात्री दाब चढतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरातला दाब ४०० व्होल्टच्या आसपासही जाऊ शकतो. एसएमपीएस जळतात ते बहुधा अशाच वेळी.

संगणक आपोआप बंद पडत असेल तर आधी वेळा लिहून काढा. रोज दिवेलागणीला बंद पडत असेल तर दाबाचा संशय घ्या. दुपारी, किंवा मोठे काम लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडत असेल तर उष्णतेचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. प्रोसेसरवरच्या पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असली, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी काही न सांगता यंत्र बंद करतो. धूळ ब्लोअरने काढावी, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. बंद पडण्याला वेळकाळच नसेल तर एसएमपीएस किंवा रॅमकडे वळा.

इथे लिनक्स चांगला साक्षीदार ठरतो. टर्मिनल उघडून 'लास्ट' ही आज्ञा द्या. आज्ञा आपण उच्चाराप्रमाणे छापत आहोत. टाइप करताना छोटी रोमन अक्षरे वापरायची. यंत्र कधी चालू झाले, कधी बंद झाले याची यादी समोर येते. नीट शटडाउन न होता तुटलेल्या सत्रापुढे 'क्रॅश' असा शेरा असतो. तुमच्या वहीतल्या वेळा आणि ही यादी शेजारी ठेवा. लाईट गेल्याच्या वेळा जुळल्या, तर लिनक्सवरचा आरोप तिथेच निकाली निघतो.

इन्व्हर्टर असूनही लाईट गेल्यावर संगणक रीस्टार्ट होतो, ही तक्रार घरोघर असते. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो: एकीकडे यूपीएस मोड, दुसरीकडे इको किंवा नॉर्मल मोड. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जाण्याचा क्षण लांबतो. पंख्याला, दिव्याला ते कळत नाही, पण संगणकाला तेवढा खंड सोसत नाही. खटका यूपीएस मोडवर टाकला की बहुतेकदा काम होते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग मिळत नाही असे समजावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीशी तिचा संबंध सैल होतो. अर्थिंगच्या खड्ड्यात वेळच्या वेळी पाणी घालावे आणि जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. माउस-कीबोर्ड मधेच तुटून पुन्हा जोडले जाण्यामागे कधी कधी हेच कारण सापडते.

घड्याळ मागे गेले, साइट उघडेनात

इंटरनेट चालू आहे, पण कुठलीही सरकारी साइट उघडली की 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. सॉफ्टवेअर अपडेटही नकार देते. अशा वेळी आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती दहा-बारा वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा रुपयाएवढा, ३ व्होल्टचा सेल संपला आहे. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाच्या लेखी ती तारीख अजून उजाडलेलीच नसते, म्हणून तो प्रमाणपत्र नाकारतो.

हा सेल आपल्याकडे लवकर का संपतो? यंत्र बंद असले तरी भिंतीवरच्या बोर्डाचे बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून थोडी वीज येत राहते आणि सेलवर भार पडत नाही. आपण मात्र रात्री बोर्डच बंद करतो, त्यात लोडशेडिंग. मग घड्याळ चालवण्याचा सगळा भार सेलवर. बोर्ड चालू ठेवा असा सल्ला इथे देणार नाही, विजेच्या लहरीपुढे बोर्ड बंद असलेलाच बरा. सेल मात्र दोन-तीन वर्षांनी बदलत जावा.

सेल गेला की बायोसमधल्या निवडीही मूळ पदावर जातात. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचे, यूईएफआय पद्धतीने की जुन्या लेगसी पद्धतीने, हे सगळे यंत्र विसरते आणि पडद्यावर 'बूट करण्याजोगे काही सापडले नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. लिनक्स डिस्कवर शाबूत असते. यंत्राला फक्त रस्ता आठवत नसतो. म्हणून सगळे नीट चालू असतानाच बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

घड्याळ नेमके साडेपाच तास पुढे किंवा मागे असेल, तर सेल बदलू नका. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवल्याची ती खूण आहे. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज स्थानिक वेळ लिहिते, आणि भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दोघांच्या ओढाताणीत तेवढाच फरक पडतो. 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येते. यंत्रावर एकटे लिनक्सच असेल तर या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

वायर आणि सांधे

चालू करताच लांब बीप वाजत राहिली आणि पडदा काळाच राहिला, तर बहुधा रॅम. वीज काढा, पट्टी बाहेर घ्या, सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि दोन्ही बाजूंनी 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवा. तरीही यंत्र अधूनमधून गोठत असेल तर पेनड्राइव्हच्या मेनूतली मेमटेस्ट ही चाचणी रात्रभर लावा. एकही चूक दाखवली तर पट्टी बदलावी.

डिस्कच्या बाबतीत घाई नको. मिंटमधल्या 'डिस्क्स' या प्रोग्राममध्ये डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या स्मार्ट नोंदी दिसतात. त्यातले तीन क्रमांक लक्षात ठेवा. ५ आणि १९७ या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतो आहे. आजच्या आज माहिती दुसरीकडे उतरवा. १९९ चा आकडा वाढत असेल तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या साटा केबलमध्ये दोष असण्याची शक्यता जास्त. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, पण वाढायचा थांबतो, आणि नवी डिस्क घेण्याचा खर्च वाचतो.

पडदा १०२४ बाय ७६८ वरच अडकून अक्षरे फुगलेली दिसतात, तेव्हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर शोधण्याआधी मॉनिटरची व्हीजीए केबल पाहा. मॉनिटर स्वतःची ओळख काही ठरावीक पिनांवरून संगणकाला सांगतो. पिन वाकली असेल किंवा जोड-केबल हलकी असेल, तर ओळख पोहोचत नाही आणि लिनक्स अंदाजाने लहान आकार धरते.

पेनड्राइव्हचा न्याय

वीज आणि वायर यांचा निकाल लागला, की मग लिनक्सकडे या. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट बसवले तो पुसून टाकू नका. त्यावरून यंत्र सुरू करा आणि काही न बसवता तसेच वापरून पाहा. दोष तिथेही दिसला तर तो यंत्रात आहे, किंवा त्या भागाचा ड्रायव्हर मुळातच मिंटमध्ये नाही. तिथे सगळे नीट चालले, तर डिस्कवरच्या आपल्या मांडणीत काही बिघडले आहे. पाच मिनिटांत निम्मी शक्यता बाद होते.

लाईट गेल्यानंतर चालू केले की काळ्या पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' असे लिहून येते, हा प्रकार बऱ्याच जणांना घाबरवतो. लिहिणे अर्धवट राहिल्याने फाइलींची मांडणी विस्कटलेली असते. मिंट वापरते त्या ईएक्सटी४ पद्धतीत आधी नोंद आणि मग बदल असा शिरस्ता असल्याने बहुतेक वेळा ती स्वतःच सावरते. नाहीच सावरली, तर पडद्यावर ज्या विभागाचे नाव दिसते ते पाहून 'एफ-एस-सी-के', मग जागा सोडून ते नाव, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि 'वाय' असे टाइप करा. दुरुस्ती झाल्यावर 'एक्झिट'. पण त्याआधी स्मार्ट नोंदीतले ५ आणि १९७ आठवा. डिस्कच मरणपंथाला असेल तर आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून फाइली बाहेर काढा, दुरुस्ती नंतर.

वायफाय दिसत नसेल तर दोन आज्ञा पुरतात. आत बसवलेल्या कार्डासाठी 'एल-एस-पी-सी-आय', यूएसबीतल्या डोंगलसाठी 'एल-एस-यू-एस-बी'. खोक्यावर काहीही छापलेले असो, आतली चिप कोणाची हे या यादीत कळते. ड्रायव्हर शोधायचा तो चिपच्या नावाने. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपना वेगळे फर्मवेअर लागते आणि ते मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून मिळते. पण ते उतरवायला इंटरनेट हवे आणि वायफाय तर बंद! उपाय खिशात आहे. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स मोबाइललाच नेटवर्क कार्ड समजते. ड्रायव्हर बसवूनही तो चालू होत नसेल तर बायोसमधले सिक्युअर बूट तपासा. सही नसलेले ड्रायव्हर ते अडवते.

प्रिंटरचे गणित वेगळे. झेरॉक्सच्या दुकानांतून वर्षानुवर्षे राबणारा एचपी लेझरजेट १०२० घ्या. चालायला लागणारे फर्मवेअर तो स्वतःजवळ ठेवत नाही. दर वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते त्याच्यात ओतावे लागते. म्हणजे लाईट जाऊन आली की प्रिंटर कोरा. लिनक्सवर हे काम एचपीएलआयपी हा संच करतो, पण त्याला एचपीचा एक प्लगइन वेगळा बसवावा लागतो आणि प्लगइनची आवृत्ती संचाशी जुळावी लागते. मोठ्या अपडेटनंतर प्रिंटर मुका झाला तर 'एचपी-प्लगइन' ही आज्ञा पुन्हा द्या. कॅनन एलबीपी २९०० सारखे प्रिंटर कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतात. त्यांचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणे किचकट आहे. तसा प्रिंटर असेल तर यंत्र लिनक्सवर नेण्याआधीच त्याचा विचार करा. आधारच्या बोटांच्या ठशांचे यंत्रही त्याच यादीत धरा. उत्पादकाने लिनक्ससाठी सॉफ्टवेअर दिल्याची खात्री झाल्यावरच ते टेबल लिनक्सवर आणावे.

शेवटी शिस्त. एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह वहीत लिहा. केबल बदलली, सेल बदलला, अपडेट दिले आणि बायोसही चाळले, हे सगळे एका बैठकीत केले तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. पुढच्या वेळी तोच दोष आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुढच्या लेखांकात मराठी टंकलेखन : इनस्क्रिप्ट कळफलक लावणे, आणि श्रीलिपी, कृतिदेवमधल्या जुन्या फाइली उघडल्यावर दिसणारी अक्षरांची खिचडी सोडवणे. तोवर दोन कामे करून ठेवा. बायोसचे फोटो काढा आणि स्मार्ट नोंदीतले ५, १९७, १९९ हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.