रंगाचा पहिला हात

तैलरंग वाळतो कसा, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, पाण्यासारखा उडून. तसं नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होत जातं. बोटाला कोरडं लागलं तरी आतलं काम चालूच असतं. म्हणून जुन्या युरोपीय पद्धतीत चित्र एका बैठकीत होत नसे. आधी मातकट रंगात छायाप्रकाशाची मांडणी, ती वाळल्यावर खरे रंग, शेवटी तेलात पातळ केलेल्या रंगाचे पारदर्शक हात. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट केलंत, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो आणि चित्राला तडे जातात. आम्हा कवींना कच्चा खर्डा फाडता तरी येतो. इथे तो चित्राच्या पोटातच राहतो!

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात व्हर्मीरची मोती ल्यालेली मुलगी आहे, साधारण १६६५ची. तिच्यामागे आज नुसता काळोख दिसतो. २०१८च्या तपासणीतून उलगडलं, की तिथे हिरवा पडदा होता. काळ्या थरावर नीळ आणि एका वनस्पतीचा पिवळा रंग यांचा पारदर्शक हात होता. तो विटला, पडदा गेला.

पुरं झालेलं चित्र खालचं काही सांगत नाही, ही शिकणाऱ्याची अडचण. १८६८च्या सुमारास थिओडोर जेन्सन त्रावणकोर दरबारी आला. त्यानं तरुण रविवर्मांना शिकवलं नाही, काम चालू असताना पाहू मात्र दिलं, असं सांगतात. पाहण्यासारखं होतं ते हेच: आधी कोणता हात, नंतर कोणता, आणि मध्ये कुंचला खाली ठेवून किती दिवस थांबायचं.