पुढेमागे लागेल म्हणून

केमोथेरपी विभागाच्या प्रोसिजर रूममध्ये सिस्टर आजींच्या उजव्या दंडावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात. प्रोब किंचित दाबला की एक मिटतं, दुसरं धडधडत राहतं. मिटते ती शीर, धडधडते ती धमनी. दाबूनही शीर मिटली नाही, तर आत गुठळी असल्याची शंका घ्यायची.

आजींना ‘पिक लाइन’ बसवायची आहे. दंडाच्या शिरेतून शिरून हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी पोचणारी ही नळी काही महिने आत राहील. रक्त संथ होणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं, ही गुठळीची तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात. पहिली दोन नळीमुळे येतात, तिसरं कर्करोगाने आधीच आणलेलं असतं.

म्हणून सगळं लक्ष मापावर. सिस्टर दंडाचा पट्टा सोडतात, कारण आवळल्यावर शीर फुगते आणि माप खोटं येतं. शीर भरते ३.६ मिलिमीटर. नळीने शिरेच्या व्यासाचा ४५ टक्क्यांहून जास्त भाग अडवू नये, असा दंडक आहे.

“सिस्टर, दोन तोंडांचीच घ्या. पुढेमागे लागेल,” रेसिडेंट म्हणतात.

“डॉक्टर, एका वेळी दोन औषधं चालणार आहेत का?”

“तसं नाही.”

“मग चार फ्रेंचची, एका तोंडाची घेते.”

एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. दोन तोंडांची, पाच फ्रेंचची नळी इथे मर्यादा किंचित ओलांडते, चारची आरामात बसते.

नळी बसल्यावर टोक जागेवर आहे का, हे एक्स-रेवर पाहतात. ते वरच राहिलं तर गुठळीचा धोका वाढतो. कोपराच्या घडीपासून दहा सेंटिमीटर वर दंडाचा घेर टेपने मोजून फाइलमध्ये लिहितात. पुढे सूज आली, तर तुलनेला हाच आकडा कामी येतो.

“आजी, हात गळ्यात बांधून बसू नका हं. पोळ्या लाटा, फक्त भरलेली बादली उचलू नका.” सुनेला वेगळं सांगतात: हात सुजला, दुखला, खांद्याजवळ शिरा उठून दिसल्या तर लगेच दाखवा, धाप लागली तर थेट इमर्जन्सीत या. सलाईनच्या फ्लशने नळी आतून मोकळी राहते, पण नळीबाहेर शिरेत होणारी गुठळी त्याने टळत नाही.

गुठळी झालीच, तर नळी लगेच उपसून काढतात असं नाही. ती चालू, जागेवर आणि गरजेची असेल तर ठेवून रक्त पातळ करणारं औषध देतात, साधारण तीन महिने तरी. रक्तस्रावाच्या भीतीने हे औषध सगळ्यांना आधीपासून देत नाहीत. त्यामुळे खरा बचाव आधीच्या हिशेबात असतो: लहान नळी, एकच तोंड, आणि उपचार संपताच ती काढून टाकणं. ‘असू दे, पुढेमागे लागेल’ हे कारण इथे चालत नाही.