अंडी घातलेली दुधाची पेये : प्रकार, भेद आणि घरी करावयाची निर्धोक रीत

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत किनवटच्या डोंगराळ व जंगलव्याप्त भागात थंडी चांगलीच जाणवते. या दिवसांत घरची कोंबडी असणाऱ्या कुटुंबांत अंड्यांचा खप वाढतो. अंडे उष्ण असते, म्हणून ते हिवाळ्यात मानवते, असा सर्वत्र समज आहे. याच ऋतूत पेलाभर कोमट दुधात कच्चे अंडे फोडून ते ढवळून पिण्याचा प्रघातही ठिकठिकाणी दिसून येतो. तालमीत जाणारे तरुण, आजारातून उठलेली माणसे आणि कित्येक घरी लहान मुले यांना असे दूध दिले जाते. हेतू चांगला असला, तरी ही रीत सदोष आहे.

दूध, अंडे व साखर यांचे पेय करण्याची चाल केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. युरोप व अमेरिका या खंडांत नाताळच्या सणाला अशी पेये मोठ्या प्रमाणावर केली जातात. त्यांची कृती तपासून पाहिल्यास कोणती रीत निर्धोक व कोणती धोक्याची, हे सहज ध्यानात येते.

परदेशातील नाताळची पेये

या पेयांचे मूळ मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आहे. तेथे गरम दुधात द्राक्षाची किंवा जवाची दारू व मसाले घालून एक पेय करीत आणि पडशा-खोकल्यावर ते देत. पुढे त्यात अंडी आली. अठराव्या शतकात ही चाल अमेरिकेतील वसाहतींत पोहोचली. तेथील शेतकऱ्यांपाशी दूध व अंडी घरचीच असत आणि उसाच्या मळीपासून केलेली रम स्वस्त मिळे. त्यामुळे ‘एगनॉग’ हे पेय तेथे रुजले. दूध, साय, साखर व फेटलेली अंडी एकत्र करून वरून जायफळाची पूड भुरभुरणे, ही त्याची मूळ कृती होय. जुन्या रीतीत यातील अंडी कच्चीच राहतात. आज अमेरिकेत डेअऱ्यांतून विकले जाणारे एगनॉग मात्र पाश्चरीकरण केलेले असावे लागते. त्यात किमान ६ टक्के दुधाची स्निग्धता व किमान १ टक्का बलकाचे घन पदार्थ असावेत, असाही तेथील नियम आहे.

त्याच देशात ‘टॉम अँड जेरी’ नावाचे दुसरे पेय आहे. त्यासाठी अंड्याचा पांढरा भाग व बलक वेगवेगळे फेटून साखरेसह एकत्र करतात आणि त्यावर गरम दूध ओततात. हे पेय गरमच पितात. एगनॉग बहुधा थंड करून पितात.

मेक्सिकोतील ‘रोंपोपे’ याचा उगम परंपरेने प्वेब्ला शहरातील सांता क्लारा मठातील जोगिणींकडे दिला जातो. यात केवळ बलक घेतात. दूध, साखर व दालचिनी उकळून त्यात फेटलेला बलक मिसळतात, मिश्रण मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवतात व निवल्यावर त्यात रम घालतात. काही ठिकाणी बदामाची पूडही घालतात. या सर्व पेयांत आपल्या दृष्टीने हेच अधिक अभ्यसनीय आहे, कारण यात अंडे शिजते.

हॉलंडमधील ‘आडव्होकाट’ या पेयात परंपरेने दूध किंवा साय नसते. बलक, साखर व ब्रँडी यांपासून ते इतके दाट करतात की, पुष्कळदा ते चमच्याने खावे लागते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे अशा पेयाच्या एका लिटरमध्ये किमान १४० ग्रॅम शुद्ध बलक व किमान १४ टक्के मद्यार्क असावा लागतो. व्हेनेझुएलातील ‘पोंचे क्रेमा’ हे दूध, अंडी, साखर व रम यांचे पेय १९०० सालापासून बाटलीबंद स्वरूपात विकले जाते. पोर्तो रिको बेटावरील ‘कोकितो’ हे नारळाच्या दुधाचे असून बहुतेक घरी त्यात अंडे घालीतच नाहीत. काही घरी मात्र बलक घालतात.

भेद कशात आहे ?

वरील पेयांची नावे व देश अनेक असले, तरी त्यांतील भेद चार गोष्टींत सांगता येतो : दूध गाई-म्हशीचे, नारळाचे की मुळीच नाही, अंडे सबंध की केवळ बलक, मिश्रण शिजविले की कच्चे ठेवले, आणि त्यात दारू आहे की नाही. पहिल्या दोन गोष्टींवर चव व दाटपणा अवलंबून असतो. बलकातील स्निग्धांशामुळे पेयाला मऊपणा येतो, तर फेटलेल्या पांढऱ्या भागामुळे ते हलके व फेसाळ होते. तिसऱ्या गोष्टीवर मात्र पिणाऱ्याचे आरोग्य अवलंबून आहे.

दारूविषयी दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दारूने अंगात ऊब येते असे वाटते, परंतु प्रत्यक्षात कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातील उष्णता बाहेर जाते. तसेच दारू घातल्याने अंड्यातील रोगजंतू तत्काळ मरत नाहीत. दूध व अंडे यांची पौष्टिकता दारूने वाढत नाही. म्हणून आपल्या घरच्या पेयात तिला स्थान नसावे.

कच्चे अंडे का नको ?

अंड्याच्या कवचावर आणि क्वचित आतही ‘साल्मोनेला’ जातीचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे ताप, जुलाब व पोटदुखी होते. धडधाकट माणूस त्यातून बरा होतो. परंतु लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध व आजारी माणूस यांच्या जिवावर बेतू शकते. ज्यांना शक्ती यावी म्हणून दूध-अंडे दिले जाते, नेमके त्यांनाच हा धोका अधिक असतो. दूध केवळ कोमट असल्याने हे जंतू मरत नाहीत. सुमारे ७१ अंश सेल्सिअसपर्यंत मिश्रण तापविल्यास ते नष्ट होतात.

दुसरे कारण पचनाचे आहे. कच्चे अंडे अधिक ताकद देते ही समजूत चुकीची आहे. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिजविलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, तर कच्च्या अंड्यातील सुमारे ५१ टक्केच पचली. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील ‘ॲव्हिडिन’ हे द्रव्य बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वास बांधून ठेवते. उष्णतेने त्याचा हा गुण नाहीसा होतो. म्हणजे कच्चे अंडे पिणारा आपल्या अंड्याचा जवळजवळ अर्धा लाभ वाया घालवितो.

घरी करावयाची कृती

चार पेल्यांसाठी अर्धा लिटर दूध, २ ताजी अंडी, ४ चहाचे चमचे साखर आणि चिमूटभर जायफळाची किंवा वेलदोड्याची पूड घ्यावी.

१. अंडी स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावीत. प्रत्येक अंडे प्रथम वेगळ्या वाटीत फोडून पाहावे. खराब निघाल्यास टाकून द्यावे.

२. अंडी साखरेसह एका पातेल्यात चांगली फेटावीत.

३. दूध उकळून खाली उतरवावे व पाच मिनिटे निवू द्यावे. मग एका हाताने अंडी ढवळीत दुसऱ्या हाताने गरम दुधाची बारीक धार त्यात सोडावी. सर्व दूध एकदम ओतल्यास अंड्याच्या गुठळ्या होतात.

४. चुलीची आच आवरणे कठीण असते. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मिश्रणाचे पातेले बसवावे व पळीने सतत ढवळावे. मिश्रण किंचित दाट होऊन पळीच्या पाठीवर त्याचा लेप बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, म्हणजे ते शिजले असे समजावे. त्यास उकळी येऊ देऊ नये.

५. खाली उतरवून स्वच्छ फडक्यातून गाळावे, पूड घालावी व गरम असतानाच प्यावे.

साखरेऐवजी गूळ वापरावयाचा असल्यास तो पेय कोमट झाल्यावरच घालावा. उकळत्या दुधात गूळ घातल्यास दूध फाटण्याचा संभव असतो. आच जास्त होऊन पेयात गुठळ्या झाल्या तरी ते टाकू नये. ते घुसळून गाळून घ्यावे. पौष्टिकता कमी होत नाही. तयार पेय दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये.

अशा एका पेल्यातून सुमारे ६ ते ७ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. मात्र दूध व अंडे या दोहोंत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते आवळा व पेरू यांतून मिळते आणि हिवाळ्यात ही फळे विपुल असतात. पालेभाज्यांचीही जोड आहारास द्यावी.

अंड्यांची पारख व जपणूक

अंडे पाण्यात सोडल्यास ताजे असेल तर तळाशी आडवे राहते. जुने अंडे तळाशी उभे राहते आणि वर तरंगणारे अंडे टाकून द्यावे. अंडी साठविताना धुऊ नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो व जंतूंना आत वाट मिळते, वापरण्यापूर्वीच धुवावीत. साठवण थंड व सावलीच्या जागी करावी. ओल्या वाळूत बसविलेल्या माठात टोपली ठेवून त्यात अंडी ठेवल्यास ती अधिक दिवस टिकतात. केवळ खाण्यासाठी अंडी हवी असल्यास कोंबडे कळपातून वेगळे काढावेत. फलित अंड्यात उष्णतेने गर्भ वाढू लागतो व अंडे लवकर बिघडते. खुराडे कोरडे ठेवून अंडी रोज गोळा केल्यास निम्मे काम साधते.

कार्यकर्त्यांसाठी

एक वर्षाखालील मुलास हे पेय देऊ नये. प्रथमच अंडे खाणाऱ्या मुलास थोडे शिजविलेले अंडे देऊन अंगावर पुरळ किंवा उलटी होत नाही ना, हे पाहावे. आदिवासी भागातील ७ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांसाठी २०१६ पासून अमृत आहार योजनेत अंडी किंवा केळी देण्याची तरतूद झाली. ही अंडी उकडूनच द्यावयाची असतात, हे मातांना समजावून सांगावे. म्हणजे घरीही तीच शिस्त राहील. जी कुटुंबे अंडी खात नाहीत, त्यांना आग्रह न करता दूध, डाळी व शेंगदाणे यांचा उपयोग सांगावा.

सभेत केवळ सांगण्यापेक्षा चूल मांडून एकदा कृती करून दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. पळीवरील रेघेची खूण गृहिणींनी स्वतः पाहिली, म्हणजे उष्णतामापकाची गरज उरत नाही. किनवट भागात दूध, अंडे व चूल बहुतेक घरी आहे. त्यांत दहा मिनिटांच्या मंद आचेची भर घातली, तर आज धोक्याचे असलेले दूध-अंडे उद्या खरोखरच बलवर्धक ठरेल.